पडद्यावरची माणसे सरळ दिसावीत म्हणून

घर आणि विहार



मागच्या वर्षीची १३ एप्रिलची संध्याकाळ. आमच्या वस्तीतल्या विहारात माणसे दाटीवाटीने बसलेली. त्रिसरण-पंचशील झाले, पाहुण्यांचे भाषण झाले आणि बाबासाहेबांच्या जीवनावरची चित्रफीत दाखवायची वेळ आली. प्रोजेक्टर भाड्याने आणलेला होता आणि तो लावून देणारा मुलगा कंपनीत दुसऱ्या पाळीला गेला होता. टेबल बुटके. त्यावर यंत्र ठेवले तर निम्मे चित्र पडद्याखाली भिंतीवर पडे. यंत्राचे तोंड वर केले तर चित्र पडद्यावर चढे, पण वरून रुंद आणि खालून निमुळते होई. धान्य पाखडायचे सूपच जणू भिंतीला टांगले आहे. यंत्र बाजूला सरकवले तर डावी कड उंच आणि उजवी बुटकी. चार जण चार बाजूंनी सूचना देत होते. त्या घाईत कोणी तरी कपाटातून शासनाने छापलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे दोन जाड खंड काढले आणि यंत्राच्या पुढच्या पायाखाली सरकवले.

पुढच्या रांगेतल्या एक आजी तडक उठल्या. म्हणाल्या, "पोरांनो, बाबांची पुस्तकं वाचायला दिलीत का ठेपा द्यायला?"

सगळे ओशाळले. आजींनी दोन्ही खंड पदराने पुसून कपाटात ठेवले. बाहेरून वीट आणली गेली. या गोंधळात चाळीस मिनिटे गेली, लहान मुले आयांच्या मांडीवर झोपली. शेवटी वाकड्याच चित्रावर चित्रफीत सुरू केली. दहा वाजता आवाज बंद करणे भाग होते, म्हणून शेवटचा भाग दाखवायचा राहिला. तो भाग अंत्ययात्रेचा होता. आजी त्याचसाठी बसून राहिल्या होत्या. ७ डिसेंबर १९५६ रोजी त्या आठ वर्षांच्या होत्या आणि गिरणीत काम करणाऱ्या वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी ती गर्दी पाहिली होती. चप्पल पायात सरकवत त्या एवढेच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी बघू, राहिले तर."

ते वाक्य सर्वांच्या मनाला लागले. पुढच्याच बैठकीत विहाराचा स्वतःचा प्रोजेक्टर घ्यायचे ठरले. घरटी वर्गणी काढली. नाक्यावर भाजीची टोपली घेऊन बसणाऱ्या ताईंनीही दिली आणि बिगारी काम करणाऱ्या दादांनीही दिली. दुकानदार म्हणाला, "आपोआप चित्र सरळ करणारे यंत्र घ्या, काही बघावे लागत नाही." खरोखर काही बघावे लागत नाही का? चौकशीचे काम माझ्याकडे आले. आठ-दहा दिवस दुकाने फिरून, विचारपूस करून, माहितीपत्रके वाचून जे कळले ते आज इथे मांडतो. अनेक विहारांत, पंचायत समित्यांत आणि महिला मंडळांत हाच विचार चालू असेल. वर्गणीचा पैसा एकदाच खर्च होतो, म्हणून तो नीट समजून खर्च व्हावा.

चित्र वाकडे का होते?

घरातली बॅटरी घ्या आणि भिंतीवर सरळ धरा. प्रकाशाचे वर्तुळ गोल पडेल. आता बॅटरी तिरकी धरा. वर्तुळ लांबट होईल. भिंतीचा जो भाग लांब, तिथे प्रकाश जास्त पसरतो. प्रोजेक्टरचेही असेच आहे. यंत्राचे तोंड वर केले की चित्राची वरची कड यंत्रापासून लांब जाते आणि रुंदावते. यंत्र डाव्या कोपऱ्यात ठेवून उजवीकडे वळवले की उजवी कड लांब जाते आणि उंच होते. दगडी कमानीच्या माथ्यावर गवंडी वर रुंद, खाली निमुळता असा दगड बसवतात. त्याला इंग्रजीत कीस्टोन म्हणतात. वाकड्या चित्राचा आकार तसाच दिसतो, म्हणून या दोषाला आणि त्याच्या दुरुस्तीलाही कीस्टोन हेच नाव पडले. खोक्यावर 'ऑटो कीस्टोन' असे लिहिलेले असते ते हेच.

यंत्राला वाकडेपणा कळतो कसा?

इथे नीट लक्ष द्या, कारण फसगत इथेच होते. 'ऑटो कीस्टोन' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली साधी. यंत्राच्या पोटात कलते मोजणारा एक बारीक सुटा भाग असतो. मोबाइल आडवा केला की चित्र आडवे होते, ते ज्याच्यामुळे होते तसाच हा भाग. यंत्र किती वर किंवा खाली झुकले आहे हे त्याला कळते आणि तेवढीच दुरुस्ती होते. पण यंत्र कोपऱ्यातून तिरके लावले असेल तर त्याला काहीच कळत नाही, कारण झुकणे जमिनीच्या ओढीवरून मोजता येते, बाजूला वळणे मोजता येत नाही. अशा यंत्रात आडवी दुरुस्ती हाताने करावी लागते.

दुसरी पुरती. यात पुढच्या बाजूला छोटा कॅमेरा असतो, किंवा प्रकाश भिंतीवर जाऊन परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर मोजणारा भाग असतो. काहींत दोन्ही असतात. यंत्र सुरू होताच भिंतीवर ठिपक्यांची किंवा चौकटींची नक्षी क्षणभर उमटते. यंत्र ती पाहते, भिंत कुठे जवळ व कुठे लांब ते ओळखते आणि उभा व आडवा असा दोन्हीकडचा वाकडेपणा काढते. अक्षरे स्पष्ट करण्याचे काम, म्हणजे ऑटो फोकस, तेही बहुधा याच वेळी होते. काही यंत्रे पडद्याची काळी किनार ओळखून चित्र बरोबर तिच्या आत बसवतात. काही यंत्रे भिंतीवरचा बोर्ड किंवा खुंटी चुकवून चित्र लहान करतात.

म्हणून दुकानात नुसते "ऑटो आहे का?" असे विचारू नका. "उभे आणि आडवे, दोन्ही आपोआप होते का? फोकस आपोआप होतो का? चारही कोपरे हाताने वेगवेगळे हलवता येतात का?" असे तीन प्रश्न विचारा. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. यंत्र चुकले तर आपल्या हाती उपाय असायला हवा. माहितीपत्रकात उभी आणि आडवी दुरुस्ती किती अंशांपर्यंत होते तेही दिलेले असते. त्या मर्यादेपलीकडे यंत्र काही करू शकत नाही.

सरळ करण्याची किंमत

आता दुकानदार सहसा सांगत नाही ती गोष्ट. यंत्र चित्र सरळ करते म्हणजे प्रकाश वाकवत नाही. ते चित्राची जास्त रुंद झालेली बाजू आतून कापून लहान करते. शिंप्याने वाकडे कापड सरळ करायला कातरी लावावी तसे. कापड सरळ होते, पण कमी होते.

हिशेब पाहा. फुल एचडी यंत्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. एकूण २० लाख ७३ हजार ६००. या ठिपक्यांतूनच चित्र बनते. समजा दुरुस्तीमुळे चित्र रुंदीत एक दशांश आणि उंचीत एक दशांश कमी झाले. मग उरतात १७२८ गुणिले ९७२, म्हणजे १६ लाख ७९ हजार ६१६. जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. ठिपक्यांबरोबर त्यांतून येणारा उजेडही गेला. यंत्र जितके जास्त तिरके, तितके नुकसान जास्त. बारीक अक्षरे कडेला फाटल्यासारखी दिसू लागतात. चित्राभोवती पुसट करड्या उजेडाची चौकट दिसते, तीही या कापलेल्या भागाचीच असते.

यावरून नियम एकच निघतो. यंत्र आधी शक्य तितके सरळ ठेवा, मग उरलेला थोडा वाकडेपणा त्याला काढू द्या. पडद्याच्या बरोबर मधोमध समोर, लेन्स पडद्याकडे सरळ पाहील अशी. आमच्या विहारात आता सुताराकडून केलेली लाकडी तिवई आहे. तिच्यावर यंत्र ठेवतो आणि जमिनीवर तिच्या पायांच्या जागी रंगाच्या खुणा केल्या आहेत. तिवईला खर्च थोडा आला, पण कुठल्याही महागड्या सोयीपेक्षा तिचा उपयोग जास्त झाला. आता ग्रंथ कपाटातच राहतात.

काही यंत्रांत लेन्सच वर-खाली सरकवण्याची सोय असते. तिला लेन्स शिफ्ट म्हणतात. तिने चित्र न कापता हलते. पण अशी यंत्रे महाग असतात. परवडत नसेल तर हळहळ नको, तिवई पुरे.

आधी उजेड, मग सोयी

आपोआप दुरुस्तीच्या मोहात पडून लोक मुख्य गोष्ट विसरतात. ती म्हणजे उजेड. प्रोजेक्टरचा उजेड ल्युमेनमध्ये मोजतात. बाजारात हलक्या यंत्रांच्या खोक्यांवर पाच हजार, नऊ हजार असे आकडे बिनदिक्कत छापलेले असतात. त्यांना फसू नका. आकड्यापुढे 'अन्सी ल्युमेन' किंवा 'आयएसओ ल्युमेन' असे आहे का ते पाहा. ही ठरावीक पद्धतीने मोजलेली मापे आहेत. नुसते 'ल्युमेन' किंवा 'एलईडी ल्युमेन' लिहिलेले असेल तर खरा उजेड त्या आकड्याच्या कितीतरी खाली असू शकतो.

किती उजेड लागतो? आठ फूट रुंद पडद्याची उंची साडेचार फूट येते. क्षेत्र ३६ चौरस फूट. खोलीत पुरता अंधार असेल तर एवढ्या पांढऱ्या पडद्याला खरे ५०० ते ६०० अन्सी ल्युमेन पुरतात. पण आपल्या कार्यक्रमांत पुरता अंधार कुठे असतो? दाराशी चपला असतात, मधून माणसे ये-जा करतात, बायका लेकरे सांभाळतात, म्हणून एखादी ट्यूबलाइट चालू ठेवावीच लागते. तिथे तीन हजार किंवा त्याहून अधिक खरे ल्युमेन देणारे यंत्र हवे. एप्रिलच्या दुपारी उघड्या मंडपात तर बहुतेक प्रोजेक्टर निरुपयोगीच. तिथे भाषण करावे, गाणी म्हणावीत, चित्रफीत रात्रीसाठी ठेवावी.

आणखी एक लक्षात ठेवा. पडद्याची रुंदी सहा फुटांवरून बारा फूट केली तर उंचीही दुप्पट होते आणि क्षेत्र चौपट होते. तेवढाच उजेड चौपट जागेत पसरतो, म्हणजे चित्र चौथ्या हिश्शाने उजळ राहते. "मोठ्ठे चित्र" ही हौस इथे नडते. आठ फुटांचे लख्ख चित्र बारा फुटांच्या मळकट चित्रापेक्षा मागच्या रांगेलाही बरे दिसते.

'४के सपोर्ट' या शब्दांनीही दिपून जाऊ नका. ४केचे चित्र आत घेता येते एवढाच त्याचा अर्थ. यंत्राचे स्वतःचे ठिपके किती, म्हणजे 'नेटिव्ह रेझोल्यूशन' किती, ते विचारा. १२८० गुणिले ७२० असेल तर एकूण ठिपके ९ लाख २१ हजार ६००. एकदा दुरुस्तीची कातरी लागली की त्यातलेही कमी होतात. चित्रे आणि भाषणे दाखवायला ते चालते, पण मुलांच्या वर्गात वाचायची अक्षरे दाखवायची असतील तर १९२० गुणिले १०८० घ्यावे.

अंतराचा हिशेबही घरूनच करून जा. माहितीपत्रकात 'थ्रो रेशो' दिलेला असतो. तो १.२ असेल तर आठ फूट रुंद चित्रासाठी यंत्र ९.६ फुटांवर ठेवावे लागेल. टेपने विहार मोजून घ्या. एवढ्या अंतरावर तिवई ठेवली तर ती माणसांच्या मधोमध येते का, वायर कुणाच्या पायात येते का, हे आधीच कळेल.

निळी भिंत आणि हलणारी चादर

आपल्या बऱ्याच विहारांच्या भिंती निळ्या असतात. ते आपल्याला प्रिय आहे. पण निळ्या भिंतीवर चित्र टाकले तर चेहरे निळसर आणि चिवर मातकट दिसते. काही यंत्रे भिंतीचा रंग ओळखून रंग सुधारतात, तरी उजेड जायचा तो जातोच. पडद्याएवढा भाग पांढरा रंगवा, किंवा पांढरा पडदा टांगा. चादर लावायची असेल तर खालच्या कडेला नेफा शिवून त्यात लाकडी दांडी घाला, म्हणजे ती ताणून राहील. पडद्याची सुरकुती कुठलेही यंत्र सरळ करू शकत नाही. पंख्याच्या वाऱ्याने चादर हलत असेल तर कॅमेरा गोंधळतो आणि चित्र पुन्हा पुन्हा जुळवू लागतो.

याच कारणाने एक सोय कार्यक्रमाच्या वेळी बंद ठेवावी लागते. काही यंत्रे जरा धक्का लागला की चित्र थांबवतात, नक्षी उमटवतात आणि नव्याने दुरुस्ती करतात. विहारात मुले धावतात, जमीन हादरते. बाबासाहेबांचे भाषण ऐन रंगात आणि पडद्यावर ठिपके! मांडणी झाली की सेटिंगमध्ये जाऊन 'हलल्यावर आपोआप दुरुस्ती' बंद करा. ती बंद करता येते का, हेही दुकानातच पाहा.

आपल्या विहारात अगरबत्ती आणि मेणबत्ती रोज लागते. धूर आणि काजळी यंत्राच्या जाळीत बसते. काही स्वस्त यंत्रांत उजेडाची वाट आतून बंद केलेली नसते. धूळ आत शिरली की पडद्यावर कायमचे डाग दिसतात. यंत्र बंदिस्त आहे का ते विचारा. पूजास्थानापासून ते दूर ठेवा, जाळी महिन्यातून एकदा मऊ ब्रशने साफ करा, आणि गरम असताना त्यावर कापड टाकू नका. दिव्याच्या यंत्रात पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नये. दिव्याचे यंत्र घ्यावे की एलईडीचे? दिवा काही हजार तासांनी बदलावा लागतो आणि तो स्वस्त नसतो. एलईडीचे आयुष्य कंपन्या वीस-तीस हजार तास सांगतात. पण मोठा उजेड कमी पैशांत हवा असेल तर अजूनही दिव्याचे यंत्र परवडते. आपली गरज पाहून ठरवा.

आवाजाचेही सांगतो. यंत्राच्या पोटातला भोंगा खोलीपुरता असतो, विहाराला पुरत नाही. विहाराच्या अँप्लिफायरला साध्या वायरने जोडता येईल असे छिद्र हवे. ब्ल्यूटूथने जोडले तर कधी कधी ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात.

जुन्या चित्रफिती चेपू नका

जुन्या चित्रफिती आजच्या पडद्याइतक्या रुंद नसतात. त्यांची रुंदी उंचीच्या सव्वा-दीडपटीच्या मधे असते, आजच्या पडद्याची पावणेदोनपटीहून थोडी अधिक. त्यामुळे दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहते. ती दोष नाही. काही उत्साही तरुण बटण दाबून चित्र ताणतात आणि पडदा भरतात. मग बाबासाहेबांचा चेहरा पसरट दिसतो, माणसे बुटकी होतात. मशीन सरळ चौकोन दाखवते, पण आतला माणूस खोटा होतो. 'मूळ प्रमाण' हाच पर्याय निवडा.

असे आग्रहाने सांगण्याला कारण आहे. १९५६ सालची ती अंत्ययात्रा आज आपल्याला पाहता येते, कारण नामदेव व्हटकर यांनी पदरमोड करून तिचे चित्रीकरण केले. तेव्हा कॅमेरा आणि रिळे मिळवणे गरिबाच्या आवाक्यातले नव्हते. एका माणसाने स्वतःला झळ लावून जे जपले, ते पडद्यावर वाकडे-तिकडे दाखवण्याचा आपल्याला काय अधिकार?

दुकानात जाताना

दोन-तीन जण जा, त्यांत महिला मंडळाची एक भगिनी असू द्या. स्वतःचा पेनड्राइव्ह न्या. त्यात एक जुनी काळी-पांढरी चित्रफीत आणि मराठी बारीक अक्षरांचे एक पान असू द्या. दुकानदाराला यंत्र मुद्दाम तिरके ठेवायला सांगा आणि चित्र सरळ व्हायला किती वेळ लागतो ते पाहा. कोपऱ्यातली अक्षरे वाचता येतात का ते जवळ जाऊन पाहा. दुकानातले दिवे लावून पाहा, बंद करून पाहा. मग रिमोट अशा माणसाच्या हातात द्या ज्याने आजवर प्रोजेक्टर हाताळलेला नाही. त्याला यंत्र बंद करून पुन्हा सुरू करता आले, पेनड्राइव्हमधली चित्रफीत लावता आली, तरच ते यंत्र आपल्या कामाचे.

पक्के बिल विहाराच्या संस्थेच्या नावाने घ्या, कार्यकर्त्याच्या नावाने नको. हमीपत्रावर तारीख आणि शिक्का घ्या. दुरुस्ती केंद्र आपल्या जिल्ह्यात आहे का ते विचारा. नसेल तर यंत्र पाठवण्याचा खर्च कोणाचा, ते लिहून घ्या. बिलाची प्रत विहाराच्या फलकावर लावा. वर्गणी देणाऱ्याला हिशेब मागावा लागू नये, तो त्याच्या डोळ्यांसमोर असावा.

वर्षातून दोनदाच लागणार असेल तर विकत घेऊच नका. भाड्याने आणा, किंवा शेजारच्या दोन-तीन विहारांनी मिळून एक घ्या. बुद्धपौर्णिमा, जयंती, वर्षावासातील प्रवचने, धम्मचक्र प्रवर्तन दिन, महापरिनिर्वाण दिन आणि रविवारचा बालसंस्कार वर्ग असा वर्षभर वापर होणार असेल तर मात्र स्वतःचे असावे.

घरासाठीही काही जण विचारतात. दहा बाय बाराच्या खोलीत, दिवसा उजेडी, बातम्या आणि मालिका पाहायला टीव्हीच बरा. मुले हट्ट करतात म्हणून हप्त्यावर प्रोजेक्टर घेऊन घर कर्जात घालू नका. तो पैसा मुलीच्या शिकवणीला लावा.

यंत्र कोणाच्या हाती?

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट. आपोआप दुरुस्तीचा खरा फायदा कोणता? वेळ वाचतो हा आहेच. पण त्याहून मोठा म्हणजे यंत्र एकाच जाणकाराच्या मुठीत राहत नाही. आजवर असे होत आले, की वस्तीत एखादाच मुलगा 'टेक्निकल' असायचा. तो आला तर कार्यक्रम, तो कामावर गेला तर सगळे हात बांधून बसलेले. ज्ञान एकाच्या हाती आणि बाकीच्यांनी वाट पाहायची, ही रीत आपण ज्या समाजव्यवस्थेत भोगली ती आपल्याच विहारात का चालू द्यावी? आणि त्या मुलाचाही दोष नव्हता. त्याला कुणी शिकवायला सांगितलेच नव्हते.

आम्ही यंत्र आणले त्याच रविवारी पाच जणांना शिकवले. त्यांत तीन भगिनी आणि नववीतली एक मुलगी. एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत सात ओळी लिहून तो तिवईला बांधला: तिवई खुणेवर ठेवा. वायर भिंतीकडून न्या. यंत्र सुरू करा. चित्र सरळ होईपर्यंत हात लावू नका. अक्षरे पाहा. हलल्यावर दुरुस्ती बंद करा. आवाज जोडा. जिला वाचता येते तिला यंत्र लावता येते. जिला येत नाही तिला ती नववीतली मुलगी वाचून दाखवते.

गेल्या ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर ज्यांना जाता आले नाही ते संध्याकाळी विहारात जमले. यंत्र महिला मंडळाने लावले. आठ फूट रुंद चित्र, एक ट्यूबलाइट चालू. किती वेळ लागला म्हणाल तर वंदना संपून लोक खाली बसेपर्यंत पडदा तयार होता. या वेळी अंत्ययात्रेचा भाग आधी लावला.

आजी पुढेच बसल्या होत्या. पडद्यावर माणसांचा सागर दिसत होता, दोन्ही बाजूंना काळी पट्टी. आजी डोळे बारीक करून गर्दीत काही शोधत होत्या. वडील काही सापडले नाहीत, सापडणे शक्यही नव्हते. चित्रफीत संपल्यावर त्यांनी यंत्राजवळच्या नववीतल्या मुलीला जवळ बोलावले आणि म्हणाल्या, "मागल्या वेळी सगळी माणसं कलंडल्यागत दिसत होती गं. आज सरळ उभी दिसली."

मग म्हणाल्या, "परत लाव."

तिने परत लावली.

जयभीम! नमो बुद्धाय!